कलाटणी ओळखली म्हणून कथा फसत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत सुपरहिरो आणि विज्ञानकथा मालिकांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. या मालिकांना मराठी वृत्तपत्रात एवढी जागा मिळाली याचा आनंद आहेच, पण लेखाच्या शेवटी केलेले एक विधान मला पटले नाही. मालिकेतली कलाटणी चाहत्यांनी आधीच ओळखली तर तो लेखकाचा पराभव समजावा, आणि आठवडाभर खल करून ती ओळखणारे चाहते आपल्याच आनंदावर पाणी सोडतात, असे त्यात म्हटले आहे. वीस वर्षांहून अधिक काळ या मालिका पाहत आलेली आणि त्यांतल्या पात्रांवरून रात्र रात्र वाद घातलेली एक प्रेक्षक म्हणून मला याचे सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते. पुढे ‘सेव्हरन्स’, ‘वेस्टवर्ल्ड’, ‘वांडाव्हिजन’, ‘लॉस्ट’, ‘एजंट्स ऑफ शील्ड’ आणि ‘द हंड्रेड’ या मालिकांतली रहस्ये उघड होणार आहेत. ज्यांना त्या अजून पाहायच्या आहेत त्यांनी हे पत्र तूर्त बाजूला ठेवावे.

‘सेव्हरन्स’पासून सुरुवात करते, कारण माझे मत पक्के झाले ते या मालिकेमुळे. लुमन नावाच्या कंपनीत काही कर्मचाऱ्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून त्यांच्या स्मृतीचे दोन भाग केलेले असतात. कार्यालयातल्या माणसाला बाहेरचे आयुष्य आठवत नाही आणि बाहेरच्याला कार्यालय आठवत नाही. २०२२ मध्ये पहिले पर्व संपताना एकत्र काम करणाऱ्या चौघांपैकी तिघांची ही आतली रूपे थोड्या वेळासाठी बाहेरच्या जगात जागी होतात, आणि त्यांत सर्वांत बंडखोर असलेल्या हेलीला कळते की बाहेर आपण कंपनीच्या मालक घराण्यातली हेलेना ईगन आहोत. दुसरे पर्व जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाले. पहिल्याच भागात हे सहकारी पुन्हा भेटतात आणि आपण बाहेर काय पाहिले ते एकमेकांना सांगतात. हेली सांगते की ती एका साध्याशा घरात जागी झाली आणि तिला एक माळी दिसला, रात्री बागकाम करणारा माळी. माझ्या धाकट्या बहिणीने तिथेच भाग थांबवला. “रात्रीचं बागकाम कोण करतं, ताई?” एवढेच तिने विचारले, आणि पुढचे तीन आठवडे आम्हा दोघींना दुसरा विषय नव्हता. माझे म्हणणे होते की आपण मालकाची मुलगी आहोत हे मित्रांना सांगायची हेलीला लाज वाटते, म्हणून ती खोटे बोलते. बहिणीचे म्हणणे होते की ही हेली नाहीच, हेलेनाच हेली बनून आत आली आहे. दोन्ही बाजूंना त्या दृश्यात आधार होता. म्हणून तर वाद तीन आठवडे टिकला.

चौथा भाग ७ फेब्रुवारी २०२५ रोजी आला आणि बहीण बरोबर ठरली. मुद्दा असा, की तिने आधीच ओळखल्यामुळे तिचा आनंद कमी झाला का? बर्फाळ रानातल्या त्या सहलीत सहकारी मार्क आणि ही कथित हेली रात्री तंबूत एकत्र येतात. ते दृश्य मी हळुवार प्रेमदृश्य म्हणून पाहिले. शेजारी बसलेल्या बहिणीने तोंडावर हात ठेवला होता, कारण एका माणसाची घोर फसवणूक आपल्या डोळ्यांदेखत होत आहे आणि त्याला ते सांगता येत नाही, ही घालमेल ती तेव्हापासून सोसत होती. मला धक्का बसला तो काही सेकंदांचा. तिने तीच गोष्ट संपूर्ण भागभर अनुभवली. आमच्यापैकी कोणी अधिक पाहिले, याचे उत्तर मला त्याच रात्री मिळाले.

चौघांतला अर्विंग तिला कसा ओळखतो, हेही पाहण्यासारखे आहे. आदल्या संध्याकाळी शेकोटीपाशी तिने त्याच्या एकटेपणावर बोट ठेवून त्याला दुखावलेले असते, आणि आपण ओळखतो ती हेली इतकी निर्दय कधीच नव्हती, हा विचार त्याचा संशय पक्का करतो. पटकथेने एक पुरावा माळ्याच्या रूपाने घटनेत ठेवला होता आणि दुसरा पात्राच्या स्वभावात. चाहत्यांनी पहिला हेरला, अर्विंगने दुसरा. इतक्या चोख बांधणीला पराभव कसे म्हणायचे?

खरा पराभव मी ‘वेस्टवर्ल्ड’मध्ये पाहिला. माणसांसारख्या यंत्रमानवांनी भरलेल्या एका करमणूक उद्यानाची ही गोष्ट. २०१६ मधल्या पहिल्या पर्वात विल्यम हा भिडस्त तरुण आणि काळ्या कपड्यांतला निर्दय म्हातारा हे एकच आहेत, त्यांच्या कथांमध्ये तीस वर्षांचे अंतर आहे, हे चाहत्यांनी शेवटच्या भागाच्या कितीतरी आधी ताडले होते. उद्यानाचे बोधचिन्ह दोन ठिकाणी वेगवेगळे दिसते, एवढ्या बारीक खुणेवरून त्यांनी हे शोधले. डिसेंबरमध्ये शेवटच्या भागात ते खरे ठरले, आणि तरीही तो भाग उत्तम होता, कारण एक सज्जन मुलगा असा माणूस कसा झाला हे पाहणे शिल्लक होते. यावर निर्मात्यांनी निश्चिंत राहायला हवे होते. पण दुसऱ्या पर्वाचे लेखन चालू असताना चाहत्यांनी एक कलाटणी आधीच ओळखली म्हणून ती बदलत असल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. २०१८ मध्ये ते पर्व आले तेव्हा बर्नार्ड या प्रमुख पात्राच्या आठवणींचा क्रम इतका विस्कटलेला होता की त्या माणसाचे दुःख माझ्यापर्यंत पोहोचलेच नाही. कोणते दृश्य आधीचे आणि कोणते नंतरचे, याचा हिशेब लावण्यातच माझे सारे लक्ष गेले. त्याच पर्वाच्या आठव्या भागात मात्र अकेचेटाची कहाणी येते. बहुतांशी लाकोटा भाषेत सांगितलेली, आपल्या हरवलेल्या पत्नीचा शोध घेणाऱ्या एका यंत्रमानवाची ती कहाणी सरळ रेषेत पुढे सरकते, आणि त्या पर्वातले मला अजून लख्ख आठवते ते तेवढेच. प्रेक्षकांना चकवायचे या एकाच हट्टाने लिहिले की असे होते. ओळखता येणे हा दोष मानणाऱ्या परीक्षणांनी या हट्टाला खतपाणी घातले, असे माझे प्रामाणिक मत आहे.

चाहत्यांची बाजू मी घेते आहे, पण आमचेही चुकते. ‘वांडाव्हिजन’च्या वेळी मी स्वतः त्या चुकीत सामील होते. ५ फेब्रुवारी २०२१ रोजी आलेल्या पाचव्या भागाच्या शेवटी नायिका वांडाचा मृत भाऊ दारात उभा राहतो, आणि ती भूमिका करतो इव्हान पीटर्स, ज्याने एक्स-मेन चित्रपटांत याच पात्राचे दुसरे रूप साकारले होते. झाले, मार्व्हल आणि एक्स-मेन ही दोन चित्रविश्वे एकत्र येणार असे आम्ही ठरवूनच टाकले. त्यात भर म्हणून कॉमिक्समधला मेफिस्टो हा सैतान पडद्यामागून सारे घडवतो आहे, अशी थिअरी प्रत्येक माशीवर आणि प्रत्येक सावलीवर बसवली गेली. शेवटी भाऊ म्हणून आलेला माणूस राल्फ बोनर नावाचा सामान्य रहिवासी निघाला, मेफिस्टो आलाच नाही, आणि मालिकेने फसवले अशी ओरड झाली. मला आज त्याचे वाईट वाटते, कारण नऊ भागांची ती मालिका पहिल्या दिवसापासून एका स्त्रीच्या शोकाबद्दल बोलत होती. आपला जोडीदार गेला हे तिला सोसवत नाही, म्हणून ती एक अख्खे गाव जुन्या विनोदी मालिकांच्या साच्यात कोंडते. हे सारे समोर मांडलेले असताना आम्ही कोपऱ्यात सैतान शोधत बसलो. माळ्याबद्दलचा संशय कथेतल्या वाक्यातून जन्मला होता. मेफिस्टो आम्ही बाहेरून आणला होता. वाद घालताना हा फरक पाळला पाहिजे, आणि तो न पाळणाऱ्यांत मी होते.

विमान कोसळून एका बेटावर अडकलेल्या प्रवाशांच्या ‘लॉस्ट’ या मालिकेच्या शेवटाबद्दल तर पंधरा वर्षे उलटून गेली तरी चुकीचेच बोलले जाते. ती सगळी माणसे विमान कोसळले तेव्हाच मेली होती, असे आजही लोक ठामपणे सांगतात. २३ मे २०१० रोजी प्रसारित झालेल्या शेवटच्या भागात नायक जॅकचा बाप त्याला चर्चमध्ये स्पष्ट सांगतो की जे घडले ते सारे खरे होते. बेट खरे होते, मैत्री आणि मृत्यू खरे होते. शेवटच्या पर्वात समांतर दिसणारे आयुष्य तेवढे मृत्यूनंतरचे होते, आणि जो तो आपापल्या वेळी मरून तिथे पोहोचला होता. मग गैरसमज कुठून आला? श्रेयनामावली चालू असताना वाहिनीने किनाऱ्यावर पडलेल्या विमानाच्या अवशेषांची काही निःशब्द दृश्ये जोडली होती, आणि त्यात माणूस दिसत नसल्यामुळे अनेकांनी त्याचा अर्थ ‘कोणीच वाचले नव्हते’ असा लावला. शेवट न आवडण्याचा हक्क सर्वांना आहे. मलाही त्या समांतर आयुष्यावर इतका वेळ खर्च करणे पटले नव्हते. पण न आवडणे वेगळे आणि न घडलेले घडले म्हणणे वेगळे. दृश्य पुन्हा लावून पाहिले की यातला निम्मा वाद मिटतो.

पात्रांविषयीचे वाद मात्र असे दृश्य लावून मिटत नाहीत, आणि ते मिटू नयेत असेच मला वाटते. ‘एजंट्स ऑफ शील्ड’ या गुप्तहेर संस्थेवरच्या मालिकेतला एजंट ग्रँट वॉर्ड पहिल्या पर्वात कितीतरी आठवडे कोरडा, ठोकळेबाज नायक वाटत होता. अभिनयाबद्दल तक्रारी झाल्या, त्यात माझीही होती. सतरावा भाग ८ एप्रिल २०१४ रोजी आला, शील्ड ही संस्था हायड्रा या शत्रू संघटनेने आतून पोखरल्याचे उघड करणारा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाल्यानंतर अवघ्या चार दिवसांनी. त्या भागाच्या शेवटी हायड्राचा माणूस निघालेल्या कैदी गॅरेटला, म्हणजे वॉर्डच्या गुरूला, गोळी घालण्याची मुभा वॉर्डला दिली जाते आणि तो गोळ्या झाडतो त्या पहारेकऱ्यांवर आणि शील्डची अधिकारी व्हिक्टोरिया हँड हिच्यावर. त्या एका क्षणात त्याचा मागचा सगळा कोरडेपणा मुखवटा ठरला. त्यानंतर सुरू झालेला वाद अनेक वर्षे चालला: घरात छळ सोसलेल्या, पोरवयात गॅरेटने रानात एकटे सोडून घडवलेल्या या माणसाला किती क्षमा करायची? एका बाजूला त्याच्या बालपणाकडे बोट दाखवणारे होते, दुसऱ्या बाजूला त्याने फिट्झ आणि सिमन्स या आपल्याच सहकाऱ्यांना समुद्रात लोटले ते विसरायला तयार नसलेले. मी दुसऱ्या बाजूची. पण पहिल्या बाजूच्या एका मैत्रिणीने मला विचारले होते की त्याला नाही म्हणायला कधी कोणी शिकवले होते का, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला अजूनही देता आलेले नाही.

प्रेक्षकांचा राग कधी कधी पूर्ण रास्त असतो, हेही आपल्या लेखात यायला हवे होते. ‘द हंड्रेड’मधली सेनापती लेक्सा ३ मार्च २०१६ रोजीच्या भागात मारली गेली. नायिका क्लार्क आणि ती पहिल्यांदा एकत्र आल्यानंतर लगेच, दुसऱ्यासाठी झाडलेली गोळी चुकून लागून. एवढ्या युद्धांतून तरलेली योद्धी अशी भरकटलेल्या गोळीने जावी, याला धक्का म्हणता येईल. पण स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री पडद्यावर सुखी झाली की तिला मारायचे, ही रीत आधीच इतकी रुळलेली होती की अनेक तरुण मुलींना तो धक्का ओळखीचा आणि म्हणून जास्त दुखावणारा वाटला. मालिकेच्या प्रमुखाने नंतर जाहीर क्षमा मागितली. चाहत्यांनी समलिंगी व पारलिंगी तरुणांना आत्महत्येपासून वाचवणाऱ्या संस्थेसाठी निधी उभारला. काहींनी लेखकांना वैयक्तिक शिवीगाळही केली, आणि तिचे समर्थन मी कधीही करणार नाही. तरीही ज्यांनी त्या भागाची दृश्ये एकामागून एक मांडून आपले दुःख समजावून सांगितले, त्यांना ‘अतिउत्साही चाहते’ म्हणून निकालात काढणे अन्याय्य आहे.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. या मालिकांची परीक्षणे छापताना ‘रहस्य आधीच कळते’ हे वाक्य दोष म्हणून छापू नये. कळले असेल तर कोणत्या दृश्यावरून कळले, आणि कळल्यावर पुढची दृश्ये कशी बदलली, हे परीक्षकाने लिहावे. आणि शक्य असेल तर कलाटणी मथळ्यात देऊ नये. ज्याला ओळखायची आहे त्याला ती स्वतः ओळखू द्यावी.

सध्या बहिणीला मी ‘एजंट्स ऑफ शील्ड’ पहिल्यापासून दाखवते आहे. काल आठवा भाग झाला. त्यात वॉर्डला लहानपणची विहीर आठवते, पाण्यात धडपडणारा धाकटा भाऊ आणि काठावर उभी असलेली मुले. भाग संपल्यावर बहीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ताई, हा माणूस काहीतरी लपवतोय.” मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. हे पत्र छापून येईपर्यंत ती सतराव्या भागापर्यंत पोहोचलेली असेल.

आपली नम्र,
एक नियमित वाचक