कलाशिक्षणाला न बुडणारा निधी हवा

महोदय,

केंद्रात सरकार बदलले की कलेच्या बाबतीत आपल्याकडे चर्चा होते ती अकादमीवर कोण आले आणि पुरस्कार कुणाला मिळाला, एवढीच. मी नागपूर जिल्ह्यातल्या एका शाळेत अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षिका म्हणून चित्रकला शिकवली आहे. माझा अनुभव असा की, कोणत्या पक्षाचे सरकार येते यापेक्षा ते येण्याच्या मागचे-पुढचे महिनेच मुलांना जास्त भोवतात.

लोकसभा निवडणुकीच्या वर्षी फेब्रुवारीत फक्त लेखानुदान, म्हणजे पूर्ण अर्थसंकल्प येईपर्यंतच्या खर्चाची तात्पुरती तरतूद, मांडले जाते. पूर्ण अर्थसंकल्प 2014 मध्ये 10 जुलैला, 2019 मध्ये 5 जुलैला आणि 2024 मध्ये 23 जुलैला आला. महाराष्ट्रात त्याच वर्षी विधानसभेचीही निवडणूक असते. उन्हाळ्यातली आचारसंहिता संपून फायली जरा हलू लागतात, तोच दुसरी आचारसंहिता लागते. इकडे विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडलेल्या असतात आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांची तयारी पहिल्या सत्रातच करून घ्यावी लागते.

अशाच एका वर्षी माझे मानधन थकले आणि पुढे नेमणूकही वाढली नाही. विचारायला गेले की उत्तर ठरलेले, ‘मॅडम, वरून आदेश आले नाही.’ माझे मी कसेतरी निभावले. पण त्या वर्षी शाळेत ड्रॉइंग पेपरही आला नाही. सातवीतली एक मुलगी तांब्या आणि वांग्यांचे वस्तुचित्र जुन्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर काढायची. तो कागद पाणी धरत नाही. रंगाचा दुसरा हात दिला की फुगतो, पापुद्रे निघतात. तांब्यावरची चकाकी कुठे आहे आणि तिथे कागद पांढरा सोडायचा, हे तिला न सांगता कळत होते. परीक्षेत जाड कागद हाती आला, तेव्हा त्यावर रंगात पाणी किती घ्यायचे हे तिला पेपर सोडवता सोडवता शिकावे लागले. अशा मुलीला ‘क’ श्रेणी मिळाली, तर ती श्रेणी नक्की कुणाची?

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीत सहावी ते आठवीचे वर्ग असलेल्या, 100 हून अधिक पटाच्या शाळेला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा, असे स्पष्ट लिहिले आहे. 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर कलेला अभ्यासाबाहेरचा विषय मानूच नका म्हणते, आणि मला ते मनापासून पटते. शिक्षणावर देशाच्या उत्पन्नाच्या 6 टक्के खर्चाचे वचन मात्र 1968, 1986 आणि 2020 अशा तिन्ही धोरणांत आहे, तीन वेगवेगळ्या सरकारांच्या काळातले.

सरकार बदलूनही काम चालू राहू शकते, याचा दाखला आपल्याकडे आहे. सर्व शिक्षा अभियान वाजपेयी सरकारने सुरू केले. 2004 मध्ये सत्ता गेली, पण मनमोहन सिंग सरकारने ते बंद पाडले नाही. उलट त्याच वर्षी 2 टक्के शिक्षण उपकर लावला आणि पुढच्या वर्षी त्या पैशासाठी प्रारंभिक शिक्षा कोश उभारला. त्यातली न खर्चलेली शिल्लक एरवीच्या सरकारी पैशासारखी मार्च संपला म्हणून बुडत नाही. आपल्या सिव्हिल लाइन्समधले दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रही 1986 पासून किती सरकारे पाहून बसले आहे! त्याच्यामागेही केंद्राने आणि राज्यांनी ठेवलेली ठेव आहे. शाळेतल्या चित्रकला-संगीताच्या तासामागे असे काहीच नाही. त्याचा पैसा योजनेतल्या एका उपशीर्षाखाली येतो आणि हात आखडता घ्यायचा झाला की पहिली कात्री तिथेच लागते.

म्हणून नागपूर आणि रामटेकच्या खासदारांना माझी विनंती आहे. कलाशिक्षणासाठी प्रारंभिक शिक्षा कोशासारखा वेगळा, न बुडणारा निधी मागा. लेखानुदानाच्या वर्षी निदेशकांचे मानधन आणि साहित्याची रक्कम वेतनाप्रमाणेच आधी मोकळी व्हावी, असा नियम करून घ्या. तोपर्यंत जिल्हा परिषदेने निदान ड्रॉइंग पेपर आणि रंग जुलैत शाळांपर्यंत पोहोचवावेत. त्याला दिल्लीच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

— एक चित्रकला शिक्षिका, महाल, नागपूर