‘बिकम’ म्हणजे नुसते ‘होणे’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की गाइडांत आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत इंग्रजी शब्दार्थांच्या याद्या छापून येतात. ‘बिकम – होणे’ ही जोडी त्यांत हमखास असते. अर्थ चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. उत्तरपत्रिकांत दिसणाऱ्या कितीतरी चुका या अर्ध्या अर्थातूनच निघतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

मराठीतले ‘होणे’ एकट्याने वाक्य पेलते. अपघात झाला, पाऊस झाला, रस्ता झाला, मुलगा झाला. पुढे काही लागत नाही. ‘बिकम’चे तसे नाही. कोण काय बनले हे सांगणारे नाम किंवा विशेषण त्याच्यापुढे यावेच लागते. ‘ॲन ॲक्सिडेंट बिकेम’ असे लिहिले तर वाचणारा अडकून राहतो, की अपघाताचे पुढे काय बनले? तिथे ‘हॅपन्ड’ हवे. पाऊस झाला म्हणजे ‘इट रेन्ड’, रस्ता झाला म्हणजे ‘द रोड इज रेडी’, तिला मुलगा झाला म्हणजे ‘शी हॅड अ सन’. यादीत ‘बिकम – (अमुक) होणे, बनणे’ असे छापले, तरी निम्मे काम होईल.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘पास होणे’, ‘सुरू होणे’, ‘बंद होणे’, ‘जमा होणे’ अशा जोडक्रियापदांत होतो. मराठीत क्रिया दोन शब्दांत वाटलेली असते, इंग्रजीत ती एकाच शब्दात असते. त्यामुळे ‘ही बिकेम पास’ नव्हे, ‘ही पास्ड’. ‘द मॅच बिकेम स्टार्ट’ नव्हे, ‘द मॅच स्टार्टेड’. लोक जमा झाले म्हणजे ‘पीपल गॅदर्ड’. बदली झाली म्हणजे ‘शी वॉज ट्रान्सफर्ड’. मला माहीत झाले याचे ‘आय बिकेम टू नो’ करतात तेही चूक, कारण ‘बिकम’नंतर ‘टू’ लावून क्रियापद येत नाही. ‘आय केम टू नो’ म्हणावे.

मग ओळखायचे कसे? ‘झाला’च्या जागी ‘बनला’ घालून पाहावे. ‘तो डॉक्टर बनला’ चालते, म्हणून ‘ही बिकेम अ डॉक्टर’. ‘लग्न बनले’ चालत नाही, म्हणून ‘दे गॉट मॅरिड’. ही युक्ती एका ठिकाणी फसते. ‘अंधार बनला’ आपण म्हणत नाही, तरी ‘इट बिकेम डार्क’ बरोबर आहे. वेळ आणि हवामानाच्या वाक्यांत ‘इट’ कर्ता येतो आणि आपल्या नामाचे तिथे विशेषण होते. पण ‘मला उशीर झाला’ याचे ‘आय बिकेम लेट’ करू नये, ‘आय वॉज लेट’ पुरते. आणखी एक बारकावा. ‘काय झालं?’ हे ‘व्हॉट हॅपन्ड?’, पण ‘त्याचं पुढे काय झालं?’ असे एखाद्या जुन्या वर्गमित्राबद्दल विचारायचे असेल, तर ‘व्हॉट बिकेम ऑफ हिम?’

विशेषणाच्या जागी क्रियाविशेषण नको. ‘द क्लास बिकेम क्वाएट’ लिहावे, ‘क्वाएटली’ नव्हे.

रूपे बिकम, बिकेम, बिकम. तिसरे रूप पहिल्यासारखेच असते, हे विसरल्यामुळे ‘हॅज बिकेम’ लिहिले जाते. ‘डिड’, ‘विल’, ‘कॅन’ यांच्यापुढेही ‘बिकम’च. आता पद आणि काळ यांचे एक उदाहरण घेऊ. प्रतिभाताई पाटील 2007 मध्ये राष्ट्रपती झाल्या. साल दिले आहे, म्हणून साधा भूतकाळ: ‘बिकेम प्रेसिडेंट इन 2007’. ‘हॅज बिकम’पुढे साल किंवा तारीख घालता येत नाही. एका वेळी एकच व्यक्ती धारण करते अशा पदाआधी इथे ‘द’ची गरज नाही. पण ‘पहिल्या महिला राष्ट्रपती’ म्हटले की ‘बिकेम द फर्स्ट वुमन प्रेसिडेंट’. साध्या व्यवसायाआधी मात्र ‘अ’ किंवा ‘ॲन’ हवेच. तसेच 30 मे 1987 रोजी गोवा ‘बिकेम अ स्टेट’, पण पंचविसावे राज्य म्हणताना ‘बिकेम द ट्वेंटी-फिफ्थ स्टेट’. मराठीत हे उपपद नसल्यामुळे विद्यार्थी ते सर्रास गाळतात.

गीतेच्या अकराव्या अध्यायातील ‘कालोऽस्मि’चा अणुबॉम्ब बनवणारे शास्त्रज्ञ ओपेनहायमर यांनी सांगितलेला अनुवाद ‘आय ॲम बिकम डेथ’ असा आहे. ती चूक नव्हे. जुन्या इंग्रजीत येण्या-जाण्याच्या क्रियापदांना ‘हॅव’ऐवजी ‘बी’ची रूपे लागत, त्यातला हा अवशेष आहे. परीक्षेत मात्र ‘हॅव बिकम’च लिहावे.

‘बिकम’ची भावंडे वेगळीच प्रकरणे आहेत. ‘गेट’ बोलण्यातले आणि विशेषणापुरते: ‘गेट अँग्री’, ‘गेट वेट’. पुढे नाम आले की अर्थच फिरतो. ‘गेट अ डॉक्टर’ म्हणजे डॉक्टर हो नव्हे, डॉक्टरांना घेऊन ये. ‘गो’ बहुधा बिघाडाकडे नेते: दूध ‘गोज सावर’, माणूस ‘गोज बाल्ड’. पाने ‘टर्न यलो’, माणूस ‘टर्न्स सिक्स्टी’. आजारी पडणे ‘फॉल इल’, स्वप्न खरे होणे ‘कम ट्रू’. यांना नियम शोधत बसण्यापेक्षा जोड्याच तोंडपाठ कराव्यात. पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांनी तर आणखी जपावे. तिथले ‘बेकोमेन’ याच कुळातले, पण त्याचा अर्थ ‘मिळणे’.

राहिला तो अर्थ जो याद्यांत सहसा येतच नाही: ‘शोभणे’. ‘दॅट सारी बिकम्स हर’ म्हणजे ती साडी तिला शोभते. बोलताना आज ‘सूट्स’ जास्त चालते, आणि या अर्थाने ‘इज बिकमिंग हर’ असा चालू काळ करत नाहीत. सरकारी भाषेत मात्र हा अर्थ ठणठणीत जिवंत आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधील तिसऱ्या नियमाच्या इंग्रजी पाठात कर्मचाऱ्याने ‘अनबिकमिंग ऑफ अ गव्हर्न्मेंट सर्व्हंट’ असे काही करू नये, म्हणजे त्याला न शोभणारे वागू नये, असे म्हटले आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी हा शब्द नीट ओळखून ठेवावा. 1950 च्या आर्मी ॲक्टच्या कलम 45 मध्ये ‘अनबिकमिंग हिज पोझिशन’ असे, ‘ऑफ’शिवाय आहे. दोन्ही रचना शुद्ध आहेत, एकीवरून दुसरी दुरुस्त करायला जाऊ नये.

आपला,
एक इंग्रजी शिक्षक, सांगली