अंतर भागिले वेग म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पर्यटन पुरवण्यांमध्ये दोन शहरांमधले हवाई अंतर आणि त्यापुढे विमानप्रवासाचा वेळ असा एकेक आकडा छापला जातो. हा वेळ बहुधा अंतराला ताशी ८५० कि.मी.ने भागून काढलेला असतो. लांबच्या पल्ल्याला ते कसेबसे खपून जाते, ५०० कि.मी.ला मात्र उत्तर ३५ मिनिटे येते आणि वेळापत्रकात सव्वा तास दिसतो. विमान ८५०चा वेग गाठते ते उंचीवर गेल्यावर. दहा हजार फुटांखाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६३ कि.मी.ची मर्यादा असते. शिवाय वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा, म्हणजे धावपट्टीकडे जाणे आणि तिथे रांगेत थांबणे त्यातच आले. भागाकारात अर्धा-पाऊण तास मिळवला की आकडा जमिनीवर येतो.

दुसरी चूक वाऱ्याची. न्यूयॉर्क ते लंडन अंतर सुमारे ५,५५० कि.मी. विमानाचा वेग ९०० आणि पश्चिमेकडून वाहणारा वारा १०० धरला, तर जाताना हवेत साडेपाच तास लागतात, येताना जवळजवळ सात. जाताना वाचले ते येताना फिटले, असेही होत नाही : वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून लागला असता त्यापेक्षा नऊएक मिनिटे जास्तच जातात, कारण उलट्या वाऱ्यात विमान अधिक वेळ अडकते. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर याच मार्गावर एक प्रवासी विमान पाच तासांच्या आत लंडनला पोहोचले होते. तेव्हा जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा छापायला हवा.

नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणे तर सोडूनच द्यावे. ६० अंश उत्तर अक्षांशावर पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना असलेली दोन ठिकाणे घ्या. सपाट नकाशावर सरळ दिसणारी अक्षांशाची रेघ सुमारे १०,००० कि.मी. भरते, ध्रुवावरून गेलात तर ६,६७०. अर्थात सर्वांत जवळचा मार्ग मोकळा असेलच असे नाही. २०२२ पासून रशियाचे आकाश बंद झाल्याने हेलसिंकी-टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास तेरा तासांवर गेला. शहरे जागची हलली नाहीत.

तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी करणाऱ्यांसाठी : त्या वेळा ज्या त्या शहराच्या स्थानिक असतात. न्यूयॉर्कहून रात्री ८ला निघून लंडनला सकाळी ८ला पोहोचलात, तर प्रवास बारा तासांचा नव्हे, सातचा, कारण घड्याळांत पाच तासांचा फरक आहे. त्यातही अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे हा फरक चारच तासांचा उरतो.

एकक छापायलाही विसरू नये. ३,००० मैल साधे असतील तर ४,८२८ कि.मी., सागरी असतील तर ५,५५६. वैमानिक आणि हवाई नकाशे सागरी मैलांतच बोलतात; त्यांचा आकडा उचलून १.६ ने गुणला, की प्रवासातली पन्नास मिनिटे छपाईतच गळून पडतात.

आपला,
एक वाचक