शनिवारच्या बैठकीची आठवण

मंडळी, शनिवारी दुपारी साडेतीनला, नेहमीच्या खोलीत. मागच्या वेळी चहा येईपर्यंत चौघेच होतो, म्हणून हा मेसेज.

विषय बर्मिंगहॅम विद्यापीठातलं संस्कृती-अभ्यास केंद्र. रिचर्ड हॉगार्ट यांनी ते १९६४ मध्ये इंग्रजी विभागाच्या आधाराने सुरू केलं. पुढे जमैकाहून आलेल्या स्टुअर्ट हॉल यांनी त्याला वळण दिलं. २००२ मध्ये विद्यापीठानेच ते बंद केलं. त्यावर बोलूच, पण मुख्य भर कामाच्या पद्धतीवर. १९७२ मध्ये बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात झालेल्या एका लुटीच्या खटल्यापासून केंद्रातले पाच जण निघाले आणि वर्तमानपत्रं, पोलीस, न्यायालय, वर्णद्वेष असं सगळं उलगडत १९७८ मध्ये एकत्र पुस्तक लिहिलं. आपल्याकडे दोघांना एक टिपण जोडीने लिहिता येत नाही!

तशीच पद्धत आपणही करून पाहू: येताना प्रत्येकाने घरातली एक जुनी लग्नपत्रिका आणा. कोपऱ्याला हळदीचा डाग असेल तर उत्तमच. ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ, प्रेषकांची नावं, कंसातल्या पदव्या, कागदाची जाडी: भाषावाल्यांनी आणि अर्थशास्त्रवाल्यांनी मिळून वाचायचं आहे.

झेरॉक्सचे पैसे अजून तिघांकडून यायचे आहेत.