हॉलमधल्या गालिच्याबद्दल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हॉलमध्ये बसायची जागा जेवणाच्या टेबलापासून वेगळी दिसावी म्हणून गालिचा घ्यायचं तुमच्या मनात आहे, ते मला पटलं. पण रंग बघायला निघण्याआधी एक गोष्ट ठरवा. पुढच्या दारातून स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीतून बाथरूमकडे जायची तुमची रोजची वाट कुठून जाते? गालिचा त्या वाटेवर येता कामा नये. बसायची जागा गालिच्यावर आणि चालायची जागा मोकळ्या फरशीवर, एवढं जमलं की हॉलचे दोन भाग आपोआप दिसतात.

आपला हॉल 18 बाय 11 फुटांचा. सोफा साडेसहा फूट लांब. गालिचा सोफ्याच्या दोन्ही टोकांना निदान 6-6 इंच बाहेर दिसायला हवा, म्हणजे साडेसात फूट झाले. त्यामुळे 5 बाय 8 चं माप घ्या. 4 बाय 6 स्वस्त पडतो, पण तो टीपॉयखाली रुमाल टाकल्यासारखा दिसतो आणि त्याचा काठ नेमका सोफ्यावरून उठताना पाय टेकतो तिथे येतो. सोफ्याचे पुढचे दोन पाय गालिच्यावर 8 इंच आत घ्या. सोफ्याच्या वजनाने ती बाजू धरून राहते. टीपॉय आणि सोफा यांच्यात 16 ते 18 इंच सोडा, गुडघे वाकवून बसायला तेवढं लागतं. असं मांडल्यावर टीव्हीच्या भिंतीकडे जवळपास 4 फूट मोकळी वाट राहते, आणि टीव्ही भिंतीवरच असल्यामुळे मध्ये काही येत नाही.

बाबा, तुमची आरामखुर्ची पूर्ण गालिच्याबाहेर ठेवा. पुढचे दोन पाय वर आणि मागचे खाली असले की खुर्ची मागे कलते, उठायला जास्त जोर लागतो आणि मागे सरकवताना काठ गोळा होतो. जेवणाच्या टेबलाखाली गालिचा नकोच. खुर्च्या ओढायला चारही बाजूंनी 2-2 फूट जास्त लागतात, म्हणजे 3 बाय 5 च्या टेबलाला 7 बाय 9 चा गालिचा, आणि त्यावर रोज आमटी सांडणार.

घ्यायच्या आधी कागदी चिकटपट्टीने फरशीवर 5 बाय 8 चा चौकोन आखा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. वर्तमानपत्रं पसरून बघू नका, टाइल्सवर ती घसरतात. रात्री दिवा न लावता उठलात आणि पाय पट्टीवर पडला, तर चौकोन 6 इंच सरकवा. दार उघडताना त्याची खालची कड चौकोनावरून जाते का, तेही बघा.

आता कापड. माझं मत जाड सुती सतरंजीचं, दोन्ही बाजूंनी सारखी विणलेली, 4-5 मिलिमीटर जाडीची. बाबांच्या काठीचं रबर त्यात अडकत नाही. लांब लव असलेला मऊ गालिचा हाताला छान लागतो, पण पाय न उचलता चालणाऱ्या माणसाला तो धोक्याचा. झालरी असलेलाही नको. तागाचा कोल्हापूरच्या पावसाळ्यात टिकत नाही: पाणी पडलं की पिवळा डाग राहतो आणि खालून बुरशी धरते. आई, पट्टणकोडोलीचं घोंगडं तुला आवडतं, पण नव्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ असते, त्याने ते ताठ राहतं आणि कोपरे वर येतात. ते दिवाणावर घाल, तिथे शोभेल. पॉलिप्रॉपिलीनचा कमी लवेचा गालिचा पाणी पीत नाही ही त्याची जमेची बाजू, पण तेलाचा डाग त्यात बसतो आणि टीपॉयच्या पायांखाली लव कायमची दबते.

रंग फरशीपेक्षा गडद आणि वेगळा हवा. आपल्या फिकट टाइल्सवर मरून किंवा गडद निळा घेतलात तर काठ स्पष्ट दिसेल. मधे फार गिचमिड नक्षी नको, जमिनीवर काही पडलंय की काय असं वाटत राहतं.

महाद्वार रोडला दुकानात जाल तेव्हा मोजपट्टी न्या. 5 बाय 8 म्हणून सांगितलेला गालिचा बऱ्याचदा 5 बाय साडेसात भरतो. ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर तो गालिचा घेऊ नका. लवेचा गालिचा दाखवला तर उलटा करून बघा. हाताने गाठी मारलेल्याच्या मागेही नक्षी दिसते. पाठीवर कापड चिकटवलेलं असेल तर आत लॅटेक्सचा थर असतो, आणि काही वर्षांनी त्याची पावडर फरशीवर सांडू लागते.

खाली न घसरणारी जाळी घातल्याशिवाय सतरंजी पसरू नका, यावर मी हट्टच धरणार. नैसर्गिक रबर आणि नमदा (तंतू दाबून केलेलं जाड कापड) यांची 2-3 मिलिमीटरची जाळी मागा. पीव्हीसीची स्वस्त जाळी टाइल्सला चिकटते आणि पिवळे डाग पाडते. जाळी सतरंजीपेक्षा प्रत्येक बाजूने 1 इंच कमी कापायची, म्हणजे काठ खाली सपाट बसतो. वाटेकडच्या दोन कोपऱ्यांना दुहेरी चिकटपट्टी लावा. महिन्यातून एकदा उचलून खालची फरशी पुसून कोरडी करा.

तांबडा रस्सा सांडला तर चोळू नका. आधी कापडाने टिपा, तेलावर बेसन पसरून अर्धा तास ठेवा, झटकून मग साबण लावा. साबणाने हळदीचा डाग लाल होतो, घाबरू नका. दोन-तीन वेळा धुऊन उन्हात घातलं की तो फिका पडत जातो. अख्खी सतरंजी घरी भिजवू नका, ओली झाल्यावर ती तुम्हा दोघांना उचलणार नाही.

जूनच्या सुरुवातीला तिला एक दिवस कडक ऊन द्या, घडी न घालता गुंडाळा, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून जुन्या धोतरात बांधा आणि कपाटावर ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. गणपतीत माणसं येतात तेव्हाही ती गुंडाळलेलीच असू द्या. बाहेर काढाल ती दसऱ्याला, आणि तेव्हा उलटी बाजू वर करून टोकंही बदला, म्हणजे खिडकीचं ऊन एकाच भागावर पडणार नाही.

चिकटपट्टीचा चौकोन आखला की फोटो पाठवा. वाटेची रुंदी बाबांनी काठी घेऊन चालून मोजायची.

तुमची लेक