आधी तास मोजा, मग पगार ठरवा

महोदय,

बाळंतपणाची रजा संपत आली की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हमखास विचारणा होते : 'बाळ सांभाळायला हल्ली किती घेतात?' उत्तरादाखल पाच-सहा आकडे येतात, पाठोपाठ 'कृपया रेट वाढवून ठेवू नका' अशी तंबीही. पण कोणाकडे ताई चार तास येतात आणि कोणाकडे अकरा, हे कोणीच लिहीत नाही.

महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी 2008 चा कल्याण मंडळाचा कायदा आहे; मात्र तो नोंदणी आणि मदतीचा, दर ठरवणारा नव्हे. केरळ, राजस्थान, तमिळनाडू यांनी घरकामाला किमान वेतन लावले. आपल्याकडे निदान दुकाने व आस्थापनांचे किमान वेतन आधाराला घ्यावे. त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, म्हणून ताजा आकडा पाहावा. आणि तो तळ समजावा. तान्हे मूल दिवसभर एकटीने सांभाळणे हे अकुशल काम नाही.

समजा, आठ तासांचे 15,000 ठरले. 26 दिवसांचे 208 तास होतात, म्हणजे तासाला सुमारे 72 रुपये. पण नोकरदार आईवडिलांना ताई हव्या असतात सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा. रोजचे दोन तास जादा, महिन्याचे 52. साध्या दराने पगार 18,750 होतो. जादा कामाला दुप्पट हा कारखान्यातला नियम लावला तर 22,500. बाळ दुपारी दोन तास झोपते म्हणून ते तास वजा करणारे महाभाग आहेत. त्या वेळात ताईंना घरी जाता येते का?

कामांची यादी पहिल्याच दिवशी व्हावी. बाटल्या उकळणे, दुपटी धुणे, खिमट करणे ही बाळाचीच कामे. 'बाळ झोपले की जरा भाजी चिरा, पोळ्या लाटा' हे वेगळे काम, त्याचे पैसे वेगळे. मूल रांगू लागल्यावर तर ते सांगूच नये : ताई तव्यापाशी आणि मूल बाथरूमच्या बादलीपाशी, असे व्हायला मिनिट लागत नाही. जुळी असतील तर निदान दीडपट द्यावे.

खरी भांडणे होतात ती खाड्यावरून. 18,000 ला 30 ने भागले तर दिवसाचे 600, 26 ने भागले तर 692. कापताना 692 आणि रविवारी बोलावले तर 600, असा हिशोब सर्रास चालतो. किमान वेतनाच्या अधिसूचनेत 26 नेच भागतात. तोच भाजक दोन्हीकडे लावावा. आठवड्याची सुट्टी आणि महिन्याला एक रजा भरपगारी धरावी. मे महिन्यात आपण दहा दिवस गावी गेलो तर तो ताईंचा खाडा नव्हे. पगार कापला की त्या दहा दिवसांत त्या दुसरे घर धरतात आणि परतल्यावर आपण नव्या ताई शोधत बसतो.

संध्याकाळी पंधरा मिनिटांपलीकडे उशीर झाला की अर्धा तास धरून कालनिर्णयच्या चौकटीत तिथल्या तिथे लिहावे, ताईंना दाखवावे. रात्री आठनंतर सोडत असाल तर रिक्षाभाडे वेगळे. उचल दिली तर महिन्याला पगाराच्या चौथाईहून जास्त कापू नये, नाहीतर दुसरी उचल लगेच मागावी लागते. दिवाळीला एक पगार आणि वर्ष भरले की वाढ, हे कामावर ठेवतानाच बोलावे.

ताईंचे बँकेत खाते असेल आणि वय 18 ते 70 मध्ये असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत दोन लाखांचा अपघात विमा वर्षाला 20 रुपयांत मिळतो. तेवढे तरी पगारातून कापू नयेत.

– एक वाचक, कोथरूड, पुणे