शेजारच्या मावशींना, फाल्गुन-चैत्राबद्दल

ती. मावशींना,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र नातीकडून वाचून घ्या. समोर येऊन बोलायला लागले की तुम्ही ‘त्यात काय बाई’ म्हणत चहा ठेवता आणि माझं म्हणणं राहून जातं.

साताऱ्याहून बदली होऊन आम्ही भंडारा जिल्ह्यात साकोलीला आलो, तेव्हा सगळ्यांनी इथल्या उन्हाची भीती घातली होती. मला धास्ती होती ती घरातल्या दोघांची. थोरला पाच वर्षांचा, धाकटी तीनची, आणि मागची वाडी अशी की वाळक्या पानांच्या पातेऱ्यात पाय घोट्यापर्यंत जायचा. कुणीतरी मुलांना तासभर सांभाळावं, एवढीच माझी अपेक्षा होती. तुम्ही कुंपणापलीकडून म्हणालात, “लेकरं रिकामी राह्यली का मायचा जीव खातेत. कामाले लावा त्यायले.” आणि खराटा घेऊन आलातच.

तो पातेरा मी पेटवूनच दिला असता. तुम्ही खड्डा खणवलात, पातेऱ्याचा एक थर, वर शेणकाला, पुन्हा पातेरा. शेणात हात घालायची परवानगी मिळाल्यावर माझी दोन्ही मुलं दुपारपर्यंत घरात आली नाहीत. वालाचा जुना मांडव उतरवताना वाळक्या शेंगा सोलून बी काढायचं काम धाकटीला दिलंत. तिने निम्मं बी सांडलं, तुम्ही ओरडला नाहीत. मी ओरडले असते.

पळसाच्या रंगाचं तर अजून आमच्या घरी निघतं. फुलं रात्रभर भिजवून सकाळी उकळली. चुना टाकला की रंग गडद होतो, हे तुम्ही सांगितलंत, पण लेकरांच्या अंगावर जायचा म्हणून टाकला मात्र नाही. धुळवडीला आमच्याकडे फिकट केशरी पोरं होती. बाजारातल्या रंगाने गेल्या वर्षी थोरल्याच्या गालावर पुरळ उठलं होतं, त्यामुळे मला ते फिकटपण फार आवडलं.

मग मोह. झाडावर पान नाही आणि खाली फिकट पिवळ्या, रसाळ फुलांचा सडा, असं मी कधी पाहिलं नव्हतं. फुलं रात्री उमलतात आणि पहाटेपासून गळतात, म्हणून लवकर निघायचं. पण अस्वलालाही मोह आवडतो, म्हणून उजाडल्याशिवाय नाही आणि एकट्याने तर नाहीच. मुलं बरोबर होती म्हणून जंगलातलं झाड सोडून तुम्ही आपल्या शेताच्या धुऱ्यावरचं निवडलंत, हे मला नंतर कळलं. फुलं नीट दिसावीत म्हणून काही लोक झाडाखालचा पाला जाळतात आणि ती आग रानात शिरते. तुम्ही खराट्याने जागा झाडलीत, जुनं लुगडं अंथरलंत. थोरला आता कुठल्याही झाडाखाली काही अंथरलेलं नसेल तर नाराज होतो.

नवेगाव बांधच्या तलावावर एसटीने गेलो, त्या दिवशी डबा मी केला होता, बाकी सगळं तुम्ही. हा तलाव धानासाठी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधला, हे सांगताना तुमचा आवाजच बदलला. तुम्ही स्वतः कोहळी, तो बदलणारच. मुलांना बांध म्हणजे काय ते फारसं कळलं नसेल, पण घरी आल्यावर दोघांनी वाडीतल्या नळाखाली मातीचा बांध घातला आणि भेंडीच्या वाफ्याचं पाणी अडवून धरलं. भेंडी तरीही आली.

या सगळ्यात मला काय मिळालं, तर सकाळी चहा गरम असताना प्यायला मिळाला. तीन वर्षांचं मूल घरात असलेल्या कुणालाही याचा अर्थ विचारा.

एक तक्रार मात्र आहे. तुमचे मोहाचे लाडू फार गोड होतात. वाळलेला मोहच इतका गोड असताना वर गूळ कशाला? पुढच्या खेपेला तीळ वाढवा. भाजायला मी येते, मुलांना घेऊनच.

तुमची,
कुंपणाअलीकडची